मंजुरीआधीची उधारी

पुराच्या मदतीचा पहिला पैसा कुठून येतो हे पाहायचं असेल, तर संस्थेचं पासबुक उघडून उपयोग नाही. किराणा दुकानाची चोपडी बघावी. छोट्या संस्थांच्या हिशेबाच्या कामासाठी माझं नेमावर-खातेगावकडे जाणं होतं. तिथल्या एका संस्थेच्या नावाचं, खातेगावच्या सेठजींच्या लाल चोपडीतलं एक पान मी नीट पाहिलं आहे. वर तारीख ३० ऑगस्ट २०२०. खाली आटा, तूरडाळ, तेल, मीठ, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि ताडपत्री. बेरजेपुढे ‘नामे’ एवढाच शब्द. अर्ज नाही, ठराव नाही, जामीन नाही. “दीदी का फोन आया था,” एवढं कारण सेठजींना पुरलं होतं.

त्या ऑगस्टच्या अखेरीस नर्मदेला मोठा पूर आला होता. वरच्या धरणांचे दरवाजे उघडलेले, होशंगाबादला पाणी धोक्याच्या खुणेवर. तेच पाणी पुढे नेमावरला येतं. गाव देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला; समोरच्या काठावर हंडिया, म्हणजे हरदा जिल्हा. वर सिद्धनाथाचं जुनं दगडी मंदिर, खाली घाट, आणि त्या घाटावर पोट असलेली माणसं: नावाडी, नारळ-फुलं विकणाऱ्या बायका, मुंडन करणारे, चहाच्या टपऱ्या. यांची वर्षाची कमाई अमावास्यांच्या गर्दीवर. त्यातली मोठी, पाडव्याच्या आदल्या दिवशीची भूतडी अमावास्या, २०२० मध्ये २४ मार्चला आली. देशभर टाळेबंदी जाहीर झाली तोच दिवस. म्हणजे पूर आला तेव्हा ही घरं पाच महिने रिकामीच बसलेली होती.

सरकारी मदतीला मध्य प्रदेशात ‘आरबीसी छह-चार’ म्हणतात. महसूल पुस्तक परिपत्रकातला हा कलमांक तिथे शाळकरी पोरालाही पाठ. पण त्यासाठी पटवाऱ्याचा पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला पाणी ओसरावं लागतं. ओसरेपर्यंत खायचं काय, हा प्रश्न संस्थेच्या वाट्याला येतो. चातुर्मासात नर्मदेचे परिक्रमावासी एका जागी थांबतात, त्यामुळे आश्रमांच्या कोठीत सदाव्रताचं थोडं धान्य शिल्लक होतं, तेही निघालं. बाकी सगळं सेठजींचं.

एक आठवण करून द्यायला हरकत नाही: नेमावर हा होळकरांच्या इंदूर संस्थानातला जिल्हा होता. अहिल्याबाईंच्या खासगीतून घाट, देवळं, अन्नछत्रं चालत. नेमून दिलेलं उत्पन्न होतं, दर वेळी प्रस्ताव लिहायचा नव्हता. अर्थात बाई हिशेब चोख मागत, हेही सांगायला हवं.

आता प्रस्ताव लिहावा लागतो. संस्थेच्या दीदींनी रात्री मोबाइलवर तो लिहिला. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, बारा-ए, ऐंशी-जी, दर्पण क्रमांक, तीन वर्षांचं ऑडिट आणि लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकासह. यादीपाशी काम अडलं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची कार्डं गेली होती किंवा पत्र्याच्या पेटीत लगदा होऊन पडली होती. एका म्हातारीने तो लगदा उन्हात वाळवून आणून दिला. त्यावरचा फोटो ओळखू येत नव्हता, पण “नंबर दिखता है ना?” असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. चार आकडे दिसत होते.

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या संस्थेने परदेशी देणगीतून काही रक्कम पुढे द्यायचं तोंडी कबूल केलं होतं. कागद होईपर्यंत सप्टेंबर उलटला. विदेशी देणगी कायद्यातली दुरुस्ती २९ सप्टेंबर २०२० पासून लागू झाली आणि एका संस्थेने दुसरीला असा पैसा देणं पूर्ण बंद झालं. देणारी संस्था तयार, घेणारी तयार, पैसा खात्यात पडलेला, तरी हलवता येईना. कार्यालयीन खर्चाची मर्यादाही त्याच दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० वर आणली. गैरवापर रोखायला हे केलं, असं सरकारचं म्हणणं. पण मोठ्यांकडून छोट्यांकडे पैसा जाण्याची वाट होती ती हीच, आणि नेमावरसारख्या गावातल्या संस्थेला स्वतःचा परदेशी देणगीचा परवाना कुठून असणार?

उरला कंपन्यांचा पैसा. देवास शहरात कारखाने आहेत. पण कंपनी कायद्याचं कलम १३५ म्हणतं की सामाजिक खर्चात आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. जिल्हा एक असला तरी शहराला नेमावर ‘आसपास’ वाटत नाही.

शेवटी ऑक्टोबरमध्ये एका देणगीदाराचं मंजुरीपत्र आलं. दीदी ते घेऊन दुकानात गेल्या, मी सोबत होतो. पत्रात स्पष्ट होतं: मंजुरीच्या तारखेआधीचा खर्च धरला जाणार नाही. सेठजींनी चष्मा वर करून ते वाचलं आणि सहज म्हणाले, “तो बिल नया बना देते हैं. तारीख तो मेरे हाथ की है.”

दीदी नाही म्हणाल्या. त्यांनी भाषण केलं नाही. जीएसटीचं बिल आहे, ऑडिटर विचारेल, एवढंच म्हणाल्या. मला मात्र तेव्हा सेठजींचंच म्हणणं खरं वाटत होतं, कारण आटा ऑगस्टमध्येच खाल्ला गेला होता. खोटं काय होतं त्यात? तारीख सोडली तर काहीच नाही.

मंजूर पैशातून मग घोंगड्या आणि धान्याच्या नव्या पिशव्या घेतल्या. वाया गेल्या असं म्हणता येणार नाही, थंडी होतीच. प्रत्येक पिशवीमागे अंगठा, फोटो, आणि फोटोत मागे फलक दिसला पाहिजे. ऑगस्टची उधारी मात्र तशीच राहिली. ती कार्यकर्त्यांनी मानधनातून आणि इंदूरच्या ओळखीतल्या काही घरांतून वर्गणी करून हळूहळू फेडली. सेठजींनी व्याज लावलं नाही. कुठल्याही वार्षिक अहवालात देणगीदार म्हणून त्यांचं नाव नाही.

देणगीदारांचा नियम निव्वळ आडमुठेपणा आहे असं मी म्हणणार नाही. मागचा खर्च धरायला लागलो तर जुनी देणी नव्या अनुदानात घुसवणारेही असतात. असे ताळेबंद मी पाहिले आहेत. पण मग अनुदानाच्या नावात ‘आपत्कालीन’ घालू नये. २०२० मध्येच जगभरातल्या शेकडो प्रतिष्ठानांनी अटी सैल करण्याचं जाहीर वचन दिलं होतं. आपल्याकडे एडेलगिव्ह फाउंडेशनने २०२१ मध्ये १०० छोट्या संस्थांसाठी १०० कोटी रुपयांचा ‘ग्रो’ निधी सुरू केला, तोही पगार आणि भाड्यासारख्या, कुणाला फोटो काढता येत नाही अशा खर्चासाठी. प्रश्न तिथेच असतो. पिशव्या द्यायला पैसे मिळतात. पिशवी पाण्यातून नेणाऱ्या मुलाच्या पगाराला मिळत नाहीत.

त्यानंतर दीदींनी नवी रीत पाडली. प्रत्येक देणगीदाराला करार करतानाच त्या एक ओळ घालायला सांगतात: १ जून ते ३० सप्टेंबरमधला पुराचा खर्च, मंजुरीआधीचा असला तरी ठरावीक रकमेपर्यंत ग्राह्य धरावा. सेठजींकडून मे महिन्यातच शिक्क्यानिशी दरपत्रक घेऊन ठेवतात. एका देणगीदाराने ती ओळ मान्य केली, पन्नास हजारांपर्यंत. बाकीच्यांनी ‘विधी विभागाकडे पाठवलं आहे’ असं कळवलं आहे.