कंपनी गेली, तवेरा राहिली!

शेव्हर्लेनं भारतातलं दुकान 2017 मध्ये बंद केलं. मुखेडच्या रस्त्यांना ही बातमी अजून कुणी कळवलेली दिसत नाही.

पुण्या-मुंबईत सिग्नलला शेजारी एखादी शेव्हर्ले बीट येऊन थांबली, की आपल्या मनात दोनच प्रश्न येतात. एक, ही अजून चालते? दोन, हा बिचारा पार्ट्स कुठून आणत असेल? ऑफिसात कुणी 'सेकंडहँड क्रूझ घेतोय' म्हणालं, तर अख्खं कॅन्टीन त्याची समजूत काढायला धावतं. 'अरे, कंपनीच नाही आता!' या एका वाक्यावर विषय खल्लास.

आता जरा नांदेडहून मुखेडकडे निघा. 70-75 किलोमीटरचा रस्ता, नरसीवरून जा नाहीतर कंधारवरून. मुखेडला रेल्वे नाही, त्यामुळे माणूस काय आणि माल काय, येणार-जाणार तो रस्त्यानंच. एसटी, काळीपिवळी, बोलेरो, ऊस नाहीतर सोयाबीन लादलेले ट्रॅक्टर, आणि मध्येच समोरून ती येते. मूळची पांढरी, आता जरा पिवळट. टपावर कॅरियर, मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव, नंबर एमएच 26 चा, कधी लातूरचा एमएच 24. नाकावर तोच सोनेरी बो-टाय. बॉस, तवेरा!

इथे तिला 'शेव्हर्ले' कुणी म्हणत नाही. 'तवेरा' हीच कंपनी, 'तवेरा' हेच मॉडेल. अमेरिकेतली कुठली तरी कंपनी भारत सोडून गेली, हे इथल्या बऱ्याच मालकांना माहीत आहे. त्यानं त्यांच्या रोजच्या जगण्यात फारसा फरक पडलेला नाही, एवढंच. शहरात ज्या गाडीला कुणी भाव विचारत नाही, ती इथे कुणाचं तरी घर चालवते. हे कसं काय, ते समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल.

आजोबांची शेवरलेट

गंमत म्हणजे ही कंपनी भारतातून एकदा नाही, दोनदा गेलीय. 1911 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये लुई शेव्हर्ले हा स्विस वंशाचा रेसिंग ड्रायव्हर आणि विल्यम ड्युरांट हा धंदेवाला माणूस, अशा दोघांनी ती काढली. दोघांचं फार दिवस पटलं नाही. लुई काही वर्षांतच बाहेर पडला, नाव मात्र मागे ठेवून. 1918 मध्ये शेव्हर्ले जनरल मोटर्सच्या पंखाखाली आली.

आणि जनरल मोटर्सनं 1928 मध्ये भारतात पहिलं दुकान थाटलं ते आपल्या मुंबईत, शिवडीला. सुटे भाग बोटीनं यायचे, जोडणी शिवडीत व्हायची. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी जी 'शेवरलेट' होती (शेवटच्या 'ट'चा स्पष्ट उच्चार करून!) ती हीच. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. ती गाडी बेडफर्डची होती, पण एसटीच्या त्या सुरुवातीच्या ताफ्यात ज्या दहा कंपन्यांच्या गाड्या होत्या, त्यांत शेव्हर्लेही होती. मुखेड त्या दिवशी अजून निजामाच्या राज्यात होतं, मराठवाडा मुक्त व्हायला साडेतीन महिने बाकी होते. तेव्हा मुखेडकरांच्या वाट्याला ती शेवरलेट आली नाही.

स्वतंत्र भारताच्या सरकारनं सांगितलं, नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथेच बनवा. शिवडीचा कारखाना 1954 मध्ये बंद झाला. एक्झिट नंबर एक.

अमेरिकन? कुठे?

दुसरी एंट्री झाली उदारीकरणानंतर. 1996 मध्ये गुजरातच्या हालोलमधून ओपेल अॅस्ट्रा आली, मग कोर्सा. पण ओपेल काही आपल्या पचनी पडली नाही. 2003 मध्ये कंपनीनं बो-टाय बाहेर काढला. ऑप्ट्रा आली, 2004 मध्ये तवेरा, 2006 मध्ये अॅव्हिओ, 2007 मध्ये स्पार्क, 2009 मध्ये क्रूझ, 2010 मध्ये बीट. ज्यांचं कॉलेज त्या काळात झालं त्यांना आठवत असेल, 'शेव्ही' म्हणणं किती कूल होतं ते!

पण जरा बॉनेट उघडून बघू. स्पार्क म्हणजे मूळची कोरियाची देवू मॅटिझ. ऑप्ट्रा आणि अॅव्हिओसुद्धा देवूच्याच घरातल्या, कारण जनरल मोटर्सनं देवू विकत घेतली होती. तवेरा ही जपानच्या इसुझूची पँथर, नाव बदललेली. नंतर आलेल्या सेल आणि एन्जॉय चीनमधल्या भागीदारीतून आल्या. म्हणजे आपण ज्याला 'अमेरिकन कार' म्हणून मिरवत होतो, त्यात अमेरिकेचा होता तो मुख्यतः बिल्ला. थट्टा म्हणून नाही सांगत. कंपनी गेल्यावर कुठली गाडी टिकणार आणि कुठली लटकणार, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

दहा माणसं आणि एक तिरुपती

तवेरा आली तेव्हा बाजारात टोयोटा क्वालिसचा जोर होता. क्वालिस 2005 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी इनोव्हा आली, बरीच महाग. टूर्सवाल्यांना हवी होती क्वालिससारखीच साधी, दणकट गाडी. ती तवेरा निघाली. खाली शिडीसारखी लोखंडी चेसिस, मागच्या चाकांना ताकद देणारी रचना, अडीच लिटरचं इसुझूचं डिझेल इंजिन. काही मॉडेल्समध्ये दहा माणसं अधिकृत बसायची. अनधिकृत किती, ते विचारू नका.

मुखेडसारख्या तालुक्यात अशा गाडीचं वर्ष ठरलेलं असतं. लग्नसराईत वऱ्हाड. मग पंढरपूर, तुळजापूर, माहूर, गाणगापूर. चार घरं मिळून एकदा तिरुपती. रात्री-बेरात्री पेशंट घेऊन नांदेड नाहीतर लातूर. पावसाळ्यात शेतात साप चावलेल्या माणसाला वाडी-तांड्यावरून उचलून मुखेडला आणायचं, कारण सर्पदंशावरच्या उपचारांसाठी मुखेडचं नाव दूरदूरवर झालेलं आहे. अशा वेळी रात्री दोन वाजता सेल मारल्यावर इंजिन सुरू होतं की नाही, यापुढे मायलेज, टचस्क्रीन, रिसेल वगैरे सगळं फिजूल.

तालुक्यातले तवेरावाले एका बाबतीत सगळे सारखंच बोलतात. आवाज आहे, मान्य. पिकअप यथातथाच. एसी मागच्या सीटपर्यंत पोचेपर्यंत गाव येतं. शेवटच्या बाकड्यावर बसलेल्याची कंबर नरसी येईपर्यंत ढिली होते. पण गाडी वाटेत सोडत नाही. आणि बिघडलीच, तर लॅपटॉप लागत नाही, पाने लागतात. एका बुजुर्ग मालकांचं म्हणणं तर फारच साधं होतं. 'कंपनी गेली तर जाऊ द्या की. गाडी तर चालूलाली न्हव का?'

बघायला गेलं तर कंपनी मुखेडात होतीच कधी? चकाचक शोरूम, एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन, हे सगळं मोठ्या शहरांत. इथल्या तवेऱ्या वॉरंटी संपली की, काही तर त्याआधीच, बसस्टँडजवळच्या नाहीतर नरसी-नायगावच्या मिस्त्रीच्या हातात गेल्या. क्लच प्लेट, बुश, ब्रेक लायनर, इंजेक्टर, सगळं तिथेच शिकलं गेलं. त्यामुळे 2017 मध्ये कंपनीनं शटर ओढलं तेव्हा पुण्यातल्या मालकाचा एकुलता एक आधार गेला. मुखेडचा मिस्त्री होता तिथेच होता. पार्ट लागला तर तो नांदेडला बघतो, नाही मिळाला तर हैदराबादच्या राणीगंजमध्ये फोन लावतो. इथून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं खोकं टाकलं की सकाळी हजर. आपल्या पुण्यातल्या नाना पेठेचं काम त्यांच्यासाठी राणीगंज करतं.

घसरगुंडी

मग एवढी चांगली गाडी असून कंपनी बुडली कशी? विरोधाभास असा, की इज्जत घालवली ती तवेरानंच. म्हणजे तवेराच्या कागदांनी. जुलै 2013 मध्ये कंपनीनं 2005 ते 2013 या काळातल्या सुमारे 1 लाख 14 हजार तवेरा परत बोलावल्या. धुराच्या सरकारी चाचणीत गडबड केल्याचं कंपनीच्याच अंतर्गत तपासात निघालं होतं. चाचणीसाठी खास निवडलेली इंजिनं बसवली जात होती. बड्या अधिकाऱ्यांसह अनेकांना घरी पाठवलं गेलं. फोक्सवॅगनचं जगभर गाजलेलं डिझेल प्रकरण याच्यानंतर, 2015 मध्ये बाहेर आलं, तेव्हा या बाबतीत आपण पुढे होतो म्हणायचं!

तोवर बाजार बदलला होता. 2010 च्या आसपास शेव्हर्ले वर्षाला लाखावर गाड्या विकत होती. 2016-17 मध्ये भारतातली विक्री उरली 25,823. पण त्याच वर्षी निर्यात होती सत्तर हजारांच्या वर. म्हणजे तळेगावच्या कारखान्यात बनलेली बीट मेक्सिकोत धडाधड खपत होती, आणि पुण्यात डीलर माशा मारत होता. त्याआधी 2015 मध्ये शंभर कोटी डॉलर्स गुंतवण्याची घोषणा झाली होती. 18 मे 2017 ला दुसरी घोषणा झाली, वर्षअखेर भारतातली विक्री बंद. वॉरंटी पाळू, सर्व्हिस आणि पार्ट्स देत राहू, असंही कंपनीनं सांगितलं. पण सेकंडहँड बाजाराला आश्वासनं कळत नाहीत. भाव रातोरात कोसळले. नुकतीच ट्रेलब्लेझर घेतलेल्यांचे चेहरे तेव्हा बघवत नव्हते.

तळेगावातून निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, त्याही डिसेंबर 2020 मध्ये थांबल्या. हजारावर कामगार रस्त्यावर आले, कोर्टकचेऱ्या झाल्या. कारखाना चीनच्या ग्रेट वॉलला विकायचा करार 2022 मध्ये बारगळला, 2023 मध्ये ह्युंदाईनं तो घेण्याचा करार केला, आणि 2025 मध्ये तिथे ह्युंदाईचं उत्पादन सुरू झालं. एक्झिट नंबर दोन पूर्ण. या यादीत फोर्डचं नाव 2021 मध्ये लागलं, त्यामुळे 'अनाथ' गाडीचा प्रश्न काही फक्त शेव्हीवाल्यांचा नाही.

बाकीच्या भावंडांचं काय?

तवेराचं जे झालं ते सगळ्यांचं झालं नाही. लातूर-उदगीर पट्ट्यात स्पार्कही अजून दिसते, बरेचदा एखाद्या गुरुजींकडे नाहीतर बँकेतल्या साहेबांकडे. एक लिटरच्या आतलं पेट्रोल इंजिन, फार कुरकुर नाही. स्पार्कवाले आपली गाडी शाळेत न्यावी तशी निवांत चालवतात आणि तीही निवांत चालते.

बीट डिझेलवाल्यांचा चेहरा मात्र जरा उतरतो. 936 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, 2011 मध्ये आलं तेव्हा मायलेजचा नुसता बोलबाला! पुण्यात नोकरीला लागलेल्या आमच्याकडच्या किती तरी पोरांची ती पहिली गाडी, पहिला ईएमआय. पण हे इंजिन दुसऱ्या कुठल्या गाडीत नाही. टर्बो किंवा इंजेक्टर गेला, की शोधाशोध सुरू. मिस्त्री तोंडावर सांगतात, 'साहेब, पार्टचा पत्ता द्या, बसवून देतो.'

त्याउलट सेल डिझेल. दिसायला अगदीच सरकारी, पण पोटात फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट, म्हणजे जे स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टामध्ये होतं, त्याच घराण्यातलं. गावोगावच्या मेकॅनिकना ते पाठ आहे. बॉडीचं काही तुटलं, बंपर नाहीतर हेडलाइट, तर मात्र देवाचं नाव घ्या.

आणि क्रूझ? दोन लिटरचं डिझेल, सुरुवातीलाच 150 पीएस. क्रूझवाला भेटला की सर्व्हिसच्या खर्चाबद्दल दहा मिनिटं रडतो आणि अकराव्या मिनिटाला 'पण हायवेला नांदेड-लातूर काय जाते यार!' म्हणून डोळे चमकवतो. प्रेमाला इलाज नाही.

तेव्हा स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी शेव्ही गळ्यात मारत असेल, तर बिल्ला बघू नका. या गाडीचं इंजिन दुसऱ्या कुठल्या चालू गाडीत आहे किंवा होतं का, ते विचारा. काच, लाइट, बंपर शाबूत आहेत ना ते बघा. सौदा करण्याआधी जवळच्या मिस्त्रीला एक फोन करा. तो 'आणा' म्हणाला तर घ्या, 'बघू' म्हणाला तर घरी या.

मुखेडच्या तवेऱ्यांपुढे आज जे संकट आहे, ते पार्ट्सचं नाहीच मुळी. सुरुवातीच्या गाड्यांना पंधरा वर्षं उलटून गेलीत. खासगी गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 वर गेलं, वर ग्रीन टॅक्स. टूरिस्ट पासिंगवाल्यांना फिटनेसच्या चकरा वेगळ्या. त्यामुळे आता प्रत्येक मालकाचं वहीत गणित चाललंय. पासिंग करून अजून पाच वर्षं काढायची, की भंगारात देऊन एर्टिगाचं डाउन पेमेंट भरायचं? भंगारवाला जो आकडा सांगतो तो ऐकून बहुतेक जण पासिंगच करून घेतात. एकानं तर एर्टिगा घेतलीसुद्धा, पण तवेरा विकली नाही. नवीन गाडी भाड्याला जाते, घरचे लोक शेतावर तवेरानं जातात. एर्टिगा चिखलात घालायला जीव होत नाही म्हणे.