सुरखीचा डाव

१९३२ च्या जुलैत पॅरिसच्या रोलाँ गारोस स्टेडियमवर टेनिसच्या डेव्हिस कपची अंतिम लढत लागली, तेव्हा फ्रान्सचं काही खरं नाही असंच पुष्कळांना वाटत होतं. अमेरिकेकडे एल्सवर्थ व्हाइन्स होता. वय २०, नुकताच विंबल्डन जिंकून आलेला, आणि सर्व्हिस अशी की भल्याभल्यांना तिचा अंदाज येत नसे. त्याच्यासमोर उभा होता ३३ वर्षांचा झाँ बोरोत्रा. उमेदीची वर्षं मागे पडलेली, डोक्यावर नेहमीची निळी बास्क टोपी.

बोरोत्राने व्हाइन्सला चार सेटमध्ये गुंडाळलं. विंबल्डनच्या हिरवळीवरून सुसाट जाणारी ती सर्व्हिस इथल्या तांबड्या मातीत पडायची आणि दम लागल्यासारखी वर यायची. बोरोत्राला ती परतवायला हवा तेवढा वेळ मिळत गेला. पुढे अमेरिकेच्याच विल्मर अ‍ॅलिसनविरुद्ध तो आधी दोन सेट मागे पडला, मग हरण्यापासून एका गुणावर आला. त्याची दुसरी सर्व्हिस बाहेर पडली असं समजून अ‍ॅलिसन हात मिळवायला जाळीकडे निघालासुद्धा. पण रेषेवरचा पंच गप्पच राहिला. बोरोत्राने तोही सामना खेचून आणला आणि कप फ्रान्समध्ये राहिला, ३-२.

अमेरिकी गोटातून एक आरोप झाला तो पंचाच्या त्या मौनाबद्दल, आणि दुसरा पाण्याबद्दल. व्हाइन्सचा वेग मारण्यासाठी फ्रेंचांनी कोर्टावर मुद्दाम नको इतकं पाणी मारलं, असं त्यांचं म्हणणं होतं. खरं-खोटं त्या कोर्टाबरोबरच वाळून गेलं.

कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत ही गोष्ट सांगून पाहा, वस्तादाला तिच्यात नवल वाटायचं नाही. हौद्यातली माती कशी असावी, यावर इथे पिढ्यान् पिढ्या खल झालेला आहे. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद घालायची, पैलवानांनीच ती खोऱ्याने उकरून खालीवर करायची. कोरडी पडली तर अंग सोलवटतं, ओल जास्त झाली तर पाय रुततो आणि चपळ गडी जड होतो. खासबागेसारखं मैदान १९१२ साली उभं करणाऱ्या शाहू महाराजांच्या गावाला, जमीन बदलली की डावही बदलतो हे शिकवावं लागत नाही. टेनिसला मात्र ते कळायला बराच काळ जावा लागला. हा शोध लागला तोही भलतंच काहीतरी शोधताना.

१८८० च्या आसपासची गोष्ट. विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ हे इंग्लंडचे जुळे भाऊ. विल्यमने पुढे विंबल्डनचं एकेरीचं विजेतेपद ७ वेळा मिळवलं, अर्नेस्टने एकदा. इंग्लंडचा हिवाळा टाळायला हे दोघे दक्षिण फ्रान्समध्ये, कान या गावी जात आणि बो सिट हॉटेलच्या आवारात खेळत. तिथे हिरवळ लावलेली होती, पण भूमध्य समुद्राकाठच्या उन्हात ती करपून जायची. इंग्लंडात पाऊस थांबत नाही म्हणून रडायचं आणि इथे गवत जगत नाही म्हणून.

कानच्या शेजारी वालोरिस नावाचं कुंभारांचं गाव आहे. पुढे पिकासो मातीकामासाठी जाऊन राहिला तेच हे. तिथल्या भट्ट्यांतून निघालेला तडकलेला, वाकडा झालेला माल ढिगाने पडलेला असायचा. हा फुटका माल कुटून त्याची पूड करायची आणि करपलेल्या गवतावर पसरायची, अशी युक्ती रेनशॉ बंधूंनी केली. गवत झाकलं गेलं आणि कोर्ट वाचलं.

वरून साधी दिसणारी ही युक्ती पक्की होती, त्याचं कारण भट्टीत आहे. कच्ची माती पाण्याने फुगते, तिचा चिखल होतो आणि वाळली की तिला भेगा जातात. एकदा भाजलेली माती मात्र पुन्हा चिखल होत नाही. तिचे कण पाणी धरतात, पण विरघळत नाहीत. आपल्याकडचे जुने गवंडी विटा कुटून केलेली सुरखी चुन्यात मिसळून बांधकामाला वापरायचे, त्यामागेही भाजलेल्या मातीचे गुणच होते. रंग लाल का, याचंही उत्तर एकच आहे: लोहाचा ऑक्साइड. पन्हाळ्याच्या जांभ्या दगडाला, तालमीतल्या मातीला आणि वालोरिसच्या मडक्याला रंग देणारा तोच.

रेनशॉ बंधूंना हवं होतं ते मिळालं, आणि नको असलेलंही काही मिळालं. या कोर्टावर चेंडू सावकाश यायचा आणि उंच उडायचा. त्या काळच्या खेळाडूंना ती हिवाळ्यापुरती सोय वाटली. खरं टेनिस म्हणजे हिरवळीवरचं, बाकी सगळी तडजोड. पुढच्या ४० वर्षांत असली कोर्टं युरोपभर पसरली, विटांची पूड करून विकणारे कारखाने निघाले. पण आपण एक नवा खेळच शोधून ठेवलाय, याचा पत्ता लागायला देशांची भांडणं जुंपावी लागली.

ती जुंपली डेव्हिस कपमध्ये. १९०० साली हार्वर्ड विद्यापीठातल्या ड्वाइट डेव्हिस या विद्यार्थ्याने चांदीचा एक मोठा वाडगा करवून घेतला आणि अमेरिका विरुद्ध ब्रिटिश बेटं अशी लढत बोस्टनच्या लाँगवुड क्लबवर लावली. स्वतः डेव्हिसही खेळला. अमेरिका ३-० ने जिंकली आणि पाहुण्यांनी पहिली तक्रार केली ती जमिनीची: गवत वाढलेलं, जाळी लोंबलेली, चेंडू मऊ पडलेले. म्हणजे या स्पर्धेच्या जन्माबरोबरच मैदानाचं भांडणही जन्मलं. एका देशाने दुसऱ्याला आपल्या अंगणात बोलवायचं, अंगण कसलं असावं हे यजमानाने ठरवायचं, हे या स्पर्धेचं मर्म झालं. १९२१ साली भारत पहिल्यांदा उतरला, तोही थेट पॅरिसमध्ये, आणि फ्रान्सला ४-१ ने हरवून आला.

त्यानंतरच्या सहा वर्षांत फ्रान्सचं रूप पालटलं. बोरोत्रा, रेने लाकोस्त, आँरी कोशे आणि झाक ब्रुन्यों या चौघांनी १९२७ साली फिलाडेल्फियात जाऊन अमेरिकेकडून कप हिसकावला. १९२० पासून तो अमेरिकेकडेच होता. आता पुढच्या वर्षी अमेरिका पॅरिसला येणार, आणि पॅरिसमध्ये तेवढी गर्दी मावेल असं टेनिसचं मैदानच नाही. घाईघाईने पोर्त दोतय भागात नवं स्टेडियम बांधलं गेलं. जागा देणाऱ्या क्लबची एकच अट होती: महायुद्धात मारला गेलेला आपला सभासद, वैमानिक रोलाँ गारोस, याचं नाव द्यायचं. आजची फ्रेंच ओपन जिथे होते ते मैदान असं डेव्हिस कप राखण्यासाठी उभं राहिलं. १९२८ ला अमेरिकेच्या टिल्डनने लाकोस्तला पाच सेटमध्ये हरवलं, तरी लढत फ्रान्सने ४-१ अशी जिंकली. १९३२ पर्यंत कप तिथून हलला नाही.

या मैदानाचा छेद घेतला तर गंमत दिसते. तळाला दगड, त्यावर खडी, मग कोळशाच्या राखेचा खंगर, त्यावर काही सेंटिमीटर पांढऱ्या चुनखडीचा थर. जगभर ओळखीची झालेली ती तांबडी पूड सगळ्यात वर, अवघी एक-दोन मिलिमीटर. तिच्यासाठी दिवसातून कितीदा पाणी मारायचं, किती मारायचं, जाळीचा झाडू कधी फिरवायचा, हे राखणारे कामगार जाणतात. पाणी खालची चुनखडी धरून ठेवते. ती कोरडी पडली की वरची पूड उडून जाते आणि खेळाडू घसरतो. ओल वाढली की चेंडूच्या लोकरीला ओलसर पूड चिकटते, चेंडू जड होतो, उसळी बसते. १९३२ चा आरोप खरा असो वा नसो, त्यातलं गणित बरोबर होतं.

पण मुळात या मातीवर चेंडू का मंदावतो? बरीच वर्षं लोक म्हणत, जमीन मऊ म्हणून. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले हॉवर्ड ब्रॉडी आणि ऑस्ट्रेलियातले रॉड क्रॉस या भौतिकशास्त्रज्ञांनी चेंडूचा टप्पा नीट मोजला, तेव्हा हे उत्तर अपुरं ठरलं. चेंडू जमिनीला टेकलेला असतो तो सेकंदाचा जेमतेम पाच हजारांश. तेवढ्या वेळात दोन गोष्टी होतात. पहिली घर्षणाची: सुट्या कणांवर चेंडू घासला जातो, पुढ्यातली पूड थोडी ढकलत जातो, आणि त्याचा पुढे जाण्याचा वेग चांगलाच कमी होतो. गवताची पाती मात्र गुळगुळीत, चेंडू त्यांवरून सटकतो. दुसरी गोष्ट उसळीची: पुडीखालचा थर टणक असल्यामुळे चेंडू उभा वर येतो. उंच उडालेल्या चेंडूला खाली यायला वेळ लागतो, आणि तो वेळ परतवणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. म्हणजे ज्याला आपण मंद कोर्ट म्हणतो त्याचा काही मंदपणा घर्षणाचा आणि काही उंचीचा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ आता याच मापांवरून कोर्टांचे पाच वर्ग करतो. ज्याचा आकडा २९ पर्यंत ते मंद, ४५ किंवा त्याहून जास्त ते वेगवान.

हे सूत्र हाती आलं की भारताचा डेव्हिस कपचा इतिहास वेगळा वाचता येतो. १९८७ सालीच पाहा. पहिल्या फेरीत अर्जेंटिना दिल्लीला आली. तांबड्या मातीत वाढलेले खेळाडू, म्हणून आपण त्यांना हिरवळीवर उतरवलं. विजय अमृतराज मार्टिन हाइतेविरुद्ध दोन सेट मागे होता, मॅच पॉइंटही वाचवला, आणि जिंकला. पुढे सिडनीला ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच गवतावर हरवून भारत अंतिम फेरीत गेला. डिसेंबरात स्वीडनने काय केलं? गॉथेनबर्गच्या बंदिस्त स्टेडियममध्ये तांबडी माती आणून अंथरली. बाहेर हिवाळा, आत मॅट्स विलँडर, दोनदा फ्रेंच ओपन जिंकलेला. भारत ०-५ असा हरला. मार्चमध्ये आपण टाकलेला डाव डिसेंबरात आपल्यावर उलटला.

सगळं जमिनीच्याच हवाली करायचं, तर १९९३ चं कोडं सुटत नाही. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने भारताला फ्रेझ्यूसला बोलावलं, अर्थातच तांबड्या मातीवर. हे गाव रेनशॉ बंधूंच्या कानपासून फार लांब नाही. आणि रोलाँ गारोस १९१३ साली भूमध्य समुद्र विमानाने पहिल्यांदा ओलांडायला निघाला होता तो इथूनच. फ्रेंच टेनिसला याहून घरचं मैदान मिळणं कठीण. तिथे २० वर्षांचा लिअँडर पेस आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा रमेश कृष्णन यांनी ३-२ अशी बाजी मारली. उपांत्य फेरीत चंडीगडच्या आपल्याच हिरवळीवर मात्र ऑस्ट्रेलियाने आपल्याला ५-० ने लोळवलं. २०१९ ला कोलकात्याच्या साउथ क्लबवर इटलीसाठी गवत राखलं, तिथेही १-३. त्या इटलीच्या संघात मातेओ बेरेत्तिनी होता, जो दोन वर्षांनी विंबल्डनची अंतिम फेरी खेळला. जमीन डाव सुचवते. तो कोणावर चालेल, हे समोरचा गडी ओळखूनच ठरवावं लागतं.

कोल्हापूरला हा धडा कुस्तीने आधीच दिलेला आहे. १९४८ साली इथल्या महाराजांच्या मदतीने खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांनी आयुष्यात मॅटवर कुस्ती केलेली नव्हती. राजाराम कॉलेजचा हा गडी तरीही सहावा आला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतला. पुढे महाराष्ट्र केसरीत यावर रीतसर तोडगाच निघाला: माती विभागाचा विजेता वेगळा, गादी विभागाचा वेगळा, आणि मग दोघांची गाठ.

डेव्हिस कपने उलट वाट धरली आहे. २०१९ पासून अखेरचे सामने एकाच शहरात, छताखालच्या कठीण कोर्टावर होतात. यजमानाने आपली जमीन निवडायची मुभा आता आधीच्या फेऱ्यांपुरती उरली. प्रवास कमी झाला, वेळापत्रक सोपं झालं, टीव्हीलाही बरं. पण ज्या भांडणामुळे एका फुटक्या मडक्याच्या पुडीतला खेळ जगाला उमगला, ते भांडणच मिटवून टाकलं. सगळ्यांना सारखीच जमीन दिली म्हणजे न्याय झाला, असं परिषदेच्या टेबलावर वाटू शकतं. माती आणि गादी दोन्हीकडे जिंकावं लागतं तिथला पैलवान याला न्याय म्हणणार नाही. निम्म्या परीक्षेला सुट्टी दिली, असंच म्हणेल.