भंडाऱ्यातून चित्रे जमवताना

भंडारा जिल्ह्यात जुनी चित्रे शोधायची तर पहिली चौकशी मालगुजारांच्या वाड्यांत करावी लागते. माडीवर किंवा देवघराशेजारच्या भिंतीवर सागवानी चौकटीतल्या तसबिरी आढळतात: लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला. घरची मंडळी त्यांना सरसकट रविवर्म्याची चित्रे म्हणतात, पण बहुतेक वेळा तो छाप असतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. तिथल्या ओलिओग्राफांनी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछापांनी, देवांचे ठरावीक चेहरे घरोघर पोचवले. म्हणून मोल ठरवण्याआधी छाप आणि हाताने रंगवलेले चित्र यांतला फरक कळायला हवा.

त्यासाठी तसबीर उतरवून मऊ कापडावर पालथी घालतात, गंजलेल्या चुका काढतात आणि मागची फळी सोडवतात. मग दहापट भिंग. शिळाछापात जवळपास प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, त्यामुळे गालावरची छटा भिंगाखाली बारीक ठिपक्यांत विखुरते. दगड नीट जुळले नसतील तर ओठाचा लाल रंग ओठाबाहेर सरकलेला दिसतो. तैलचित्रात रंगाचे थर आणि कुंचल्याचे फटकारे तिरप्या उजेडात उठून येतात. फसगत होते ती वार्निशमुळे; काही ओलिओग्राफांवर कॅनव्हाससारखी वीणही दाबून उठवलेली असते. छापखान्याचे नाव खालच्या समासात असते, पण चौकटीत बसवताना नेमका तोच कापून टाकलेला असतो. कुणी हौसेने देवीच्या साडीवर जर आणि टिकल्या शिवलेल्या असतात. ‘मूळ रूप’ आणण्याच्या नादात त्या उसवणे हा निव्वळ अडाणीपणा, कारण त्या घराचा इतिहास त्या टाक्यांत आहे.

जतनाचा खरा प्रश्न हवेचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि जून-जुलैत पावसाची झड लागते. जिल्हा तलावांचा, वार्षिक पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास. कागद उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात फुगतो. काचेला चिकटलेला भाग मग सोलवटतो, कसर समास कुरतडते आणि मागच्या फळीतून वाळवी चढते. त्यामुळे चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी ठेवतात, तसबीर बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावत नाहीत आणि पाठीला आम्लरहित कागद घालतात. नोंद क्रमांक मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने घालतात. बॉलपेनची शाई समोर उमटते.

शंभर वर्षांहून जुने चित्र १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्याखाली येते. अशी चित्रे नोंदवावी लागतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस, जामिनी राय अशा काही चित्रकारांची कामे वयाचा विचार न करता कलानिधी ठरली आहेत.

पारंपरिक चित्रे जमवताना सर्वांत जास्त नुकसान सुट्या विक्रीने होते. चित्रे दाखवत आख्यान सांगण्याच्या चित्रकथी परंपरेत एका आख्यानाची चित्रे म्हणजे एक पोथी. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे, म्हणजे पान उलटताच पुढचा प्रसंग समोर. बाजारात ही पाने एकेक करून विकली गेली की कथा तुटते. या परंपरेतली पैठण शैलीची चित्रे आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिसतात. दिनकर गंगाधर केळकर यांनी तो संग्रह स्वतः उभा केला आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला.

भंडाऱ्याच्या बाजूला पारंपरिक चित्रांचाच एक दुर्लक्षित प्रकार आहे: झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांचे रंगवलेले पडदे. दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. राजवाडा, जंगल, रस्ता असे देखावे कापडावर रंगवलेले असतात. सरसात कालवलेला पावडरचा रंग गुंडाळताना घासला जातो, पाणी लागले की ओघळतो, आणि फाटका पडदा पुन्हा रंगवला जातो. एवढा मोठा पडदा घरात मावत नाही, त्यामुळे संग्राहक तिकडे फारसे वळत नाहीत. खरे तर या भागातली अस्सल चित्रकला तीच. पडदा ठेवायचा झाला तर घडी न घालता जाड नळकांड्यावर, रंगाची बाजू बाहेर ठेवून, मध्ये मलमल घालून गुंडाळावा.

आधुनिक चित्रांचा व्यवहार वेगळ्या कागदांवर चालतो. अशा चित्रकारांशी नाते असलेले नागपूर भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर. वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये तिथे जन्मले आणि सय्यद हैदर रझा यांनी १९३९ ते १९४३ या काळात तिथल्या कलाशाळेत शिक्षण घेतले. २०१३ मध्ये मुंबईतल्या ख्रिस्तीजच्या लिलावात गायतोंडेंच्या एका चित्राला २३.७ कोटी रुपये मिळाले. भाव चढले तशा नकलाही वाढल्या. २००९ मध्ये दिल्लीत आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेलेल्या रझांना भिंतीवरची बरीच चित्रे बनावट असल्याचे आढळले. म्हणून सहीपेक्षा मूळ खरेदीची पावती, प्रदर्शनाची पुस्तिका, मागची चिठ्ठी आणि आधीच्या मालकांची साखळी यांना वजन दिले जाते. साखळीतला एक दुवा जरी सांगता आला नाही, तरी जाणकार खरेदीदार हात आखडता घेतो.