सागरकिनाऱ्यावरील भू-आच्छादक गुलाब : माहीम परिसराच्या संदर्भात

‘कमी निगेची वनस्पती’ हा शब्दप्रयोग उद्यानशास्त्रात फार सैलपणे केला जातो. निगा कमी लागणे हा जणू फुलाच्या रंगासारखा वनस्पतीचा अंगभूत गुणच आहे, असा त्यामुळे समज होतो. वस्तुतः निगा ही वनस्पती आणि स्थळ यांच्या परस्परसंबंधातून ठरते. युरोपातील रस्त्यांच्या कडेला जवळजवळ आपोआप वाढणारा गुलाब पालघर तालुक्यातील माहीमच्या पुळणीमागे तसाच वाढेल, असे गृहीत धरता येत नाही. तो तेथे कोणत्या अटींवर वाढेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जमिनीलगत पसरणाऱ्या गुलाबांच्या वंशावळीत ‘रोझा विचुराना’ या जातीचे स्थान प्रमुख आहे. जपान, कोरिया व पूर्व चीन हा तिचा मूळ प्रदेश. १८५९ ते १८६२ या काळातील प्रशियन पूर्व आशिया मोहिमेत सहभागी झालेल्या माक्स विचुरा या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून तिचे नामकरण झाले. लांब लवचिक फांद्या, मातीला टेकताच पेरांशी फुटणारी मुळे आणि गुळगुळीत, तकतकीत पाने ही तिची लक्षणे होत. या जातीचा समुद्रकाठच्या ‘रोझा रुगोझा’शी संकर होऊन ‘माक्स ग्राफ’ हा पसरणारा गुलाब १९१९ मध्ये अमेरिकेत प्रसृत झाला. तो द्विगुणित व जवळजवळ वांझ होता. परंतु जर्मनीतील विल्हेल्म कोर्डेस यांना त्याच्या थोड्या बियांपासून चतुर्गुणित, फलक्षम रोप मिळाले आणि त्यातून ‘कोर्डेसी’ गुलाबांचा वंश सुरू झाला. जननशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण परिचित असेल. इंग्लंडमधील ‘द फेअरी’ (१९३२) आणि जर्मनीत नोआक यांनी सिद्ध केलेला ‘फ्लॉवर कार्पेट’ हे याच उपयोगाचे पुढील गुलाब होत.

या वंशावळीतील बहुतेक निवड थंड हवामानात झाली आहे, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेथील कसोटी हिमाची होती. माहीमची कसोटी क्षाराची आणि चार महिन्यांच्या ओलाव्याची आहे. ‘रोझा रुगोझा’ खारे तुषार उत्तम सोसते, पण ती थंड प्रदेशातील आहे. उष्ण व दमट किनाऱ्यावर केवळ ‘समुद्रकाठचा गुलाब’ या कीर्तीवर तिची निवड करणे युक्त नव्हे.

केळवे-माहीमचा किनारा पानमळे, केळी आणि नारळ यांच्या वाड्यांबद्दल प्रसिद्ध आहे. या वाड्यांची रचना न्याहाळली तर तीत एक क्रम दिसतो. समुद्राच्या बाजूस सुरू, केवडा, भेंड यांसारखी वारा अडविणारी झाडे. त्यांच्या आडोशास माड. आणि त्याहून आत नाजूक पिके. गुलाबाचे स्थान या तिसऱ्या ओळीत आहे. वाळूच्या उघड्या टेकड्यांवरचे आच्छादन मर्यादवेलीने केव्हाच सिद्ध केले आहे. ती वाळू धरून ठेवते आणि तिला पाणीही घालावे लागत नाही. २०१९ च्या किनारी नियमन अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या संवेदनशील क्षेत्रात मोडतात. त्या सपाट करून तेथे गुलाबाचे वाफे करणे कायद्याच्या व निसर्गाच्या, अशा दोन्ही दृष्टींनी गैर ठरेल.

आता क्षाराचा हिशेब पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीच्या गोड्या पाण्यात त्याचे मिश्रण अवघे ३ टक्के झाले, तरी लिटरमागे क्षार सुमारे १ ग्रॅमने वाढतात. अशा पाण्याचे दर चौरस मीटरला रोज ४ लिटर या मानाने २०० दिवस सिंचन केले, तर ८०० लिटर पाण्याबरोबर सुमारे ८०० ग्रॅम क्षार त्या एका चौरस मीटरात येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. गुलाब ही क्षारसंवेदी वनस्पती आहे. पानांच्या कडा करपणे हे याचे पहिले लक्षण होय, आणि पुष्कळदा ते पाण्याच्या टंचाईचे समजून अधिक पाणी घातले जाते.

या अधिक पाण्याचा दुसरा परिणाम विहिरीवर होतो. गोडे पाणी भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. दोहोंच्या घनतेतील फरकामुळे, समुद्रसपाटीवर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर त्याचा थर समतोल स्थितीत खाली सुमारे ४० मीटरपर्यंत जातो, असा गायबेन-हर्झबर्ग यांचा नियम आहे. हा नियम एकजिनसी वालुकामय स्तराचा आहे. बेसाल्टच्या भेगांतून वाहणाऱ्या पाण्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तथापि त्यातील बोध येथेही खरा आहे : उपशाने पातळी थोडी उतरली तरी खारे पाणी पुष्कळ वर चढते. एका अंगणातील फुलांसाठी केलेला उपसा अशा रीतीने शेजारच्या पानमळ्याचा प्रश्न होऊ शकतो.

भू-आच्छादक गुलाबाचे खरे महत्त्व येथेच आहे. झाडाची पाने बाष्पोत्सर्जन करीतच राहतात. ते थांबविता येत नाही. परंतु उघड्या मातीच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन, आणि त्याबरोबर केशाकर्षणाने वर येऊन साठणारे क्षार, यांना दाट पसरलेल्या फांद्या पायबंद घालतात. फांद्या मिळेपर्यंत हेच काम नारळाच्या सोडणांच्या किंवा पालापाचोळ्याच्या आच्छादनाने करावे. पाण्याची जी बचत होते, तीच क्षाराची बचत असते.

पावसाळ्याची भूमिका दुहेरी आहे. या किनाऱ्यावर २,००० मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मातीचा निचरा चांगला असल्यास तो उन्हाळ्यात साठलेले क्षार धुऊन नेतो. उलट, पान सलग सुमारे ७ तास ओले राहिले की काळ्या ठिपक्यांच्या रोगाचे बीजाणू रुजून आत शिरू शकतात. म्हणजे पाऊस मुळांचा मित्र, पण पानांचा शत्रू ठरतो. जमिनीलगतच्या पानांवर मातीचे शिंतोडे उडतात आणि त्यांच्यात वारा कमी खेळतो, हा पसरट वाढीचा दोषही मान्य केला पाहिजे. यावर सोपा उपाय म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून फांद्या त्याच्या दगडी काठावरून खाली सोडणे. त्याने निचरा आणि वारा ही दोन्ही कामे साधतात.

निवडीच्या बाबतीत फुलाच्या आकारापेक्षा मूळ आणि पान यांना अग्रक्रम द्यावा. ‘द फेअरी’ हा टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ‘अर्थकाइंड’ यादीतील गुलाब उष्ण हवामानात उपयोगी ठरलेला असल्याने प्रारंभासाठी योग्य आहे. डोळा भरलेल्या कलमापेक्षा स्वतःच्या मुळांवरील छाटकलम पसंत करावे. पसरलेल्या फांद्यांत खुंटाचे फुटवे लपून राहतात व पुढे मूळ वाणाला मागे सारतात. मात्र रेताड जमिनीत मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव होतो. पानवेल, केळी व भाजीपाला ही त्यांची आश्रयपिके होत. म्हणून जुन्या वाडीच्या जागी गुलाब लावण्यापूर्वी झेंडूचे एक पीक घ्यावे.

लागवडीत दोन रोपांमधील अंतर ७५ सेंटिमीटर ठेवल्यास ३ मीटर लांब व २ मीटर रुंद वाफ्यास दहा-अकरा रोपे पुरतात. पाणी रोज शिंपडण्याऐवजी अंतराने, खोलवर आणि मुळाशी द्यावे. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर वाळलेल्या फांद्या काढून उरलेल्यांची एक तृतीयांश छाटणी करावी. एकेका फांदीची काटेकोर छाटणी येथे आवश्यक नाही.

बोईसर-तारापूर भागात १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आणि औद्योगिक वसाहत यांमुळे निवासी वसाहती वाढल्या. तेथील लहान अंगणांचा प्रश्न थोडा निराळा आहे. समुद्रापासून दूरच्या भारी जमिनीत क्षाराच्या तुषारांपेक्षा पाणी तुंबण्याचे भय अधिक. तेथेही गादीवाफाच उपयोगी पडतो, पण मातीत वाळू व शेणखत मिसळूनच.

शेवटी संशोधनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. नदीकाठच्या व पाणथळ जागी पुरात उभी राहणारी ‘रोझा क्लायनोफिला’ ही उष्ण प्रदेशातील जाती भारतात आहे, आणि कोडाईकनाल येथे विरराघवन दांपत्याने तिच्यापासून संकर केले आहेत. अशा वाणांची छाटकलमे आणि ‘विचुराना’ वंशातील वाण माहीमच्या दोन-तीन वाड्यांत शेजारी-शेजारी लावून दरमहा मातीची व विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. नोव्हेंबर ते मे या काळात क्षार किती चढतात आणि ऑक्टोबरपर्यंत किती उतरतात, हे दोन आकडे हाती आले म्हणजे या किनाऱ्यावर कोणता गुलाब ‘कमी निगेचा’ म्हणावा, याचे उत्तर रोपवाटिकेच्या सूचीवरून द्यावे लागणार नाही.