लॅरी क्रेमर : एक भांडकुदळ नाटककार

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा 'मिक्स' आहे, सांभाळून घ्या! आज ओळख करून देतोय एका नाटककाराची, ज्याने नुसत्या आरडाओरड्यातून औषधांचे नियम बदलायला लावले. नुसत्या? नाही, अभ्याससुद्धा होता.

लॅरी क्रेमरचा जन्म १९३५ चा, अमेरिकेतला. येल युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयरला असताना, अख्ख्या कॅम्पसमध्ये आपण एकटेच गे आहोत असं वाटून त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. सुदैवाने तो वाचला.

१९८१ मध्ये न्यूयॉर्कमधले गे तरुण एका अनोळखी आजाराने मरू लागले. तोच एड्स. सरकार थंड, पेपरवाले थंड. १९८२ मध्ये लॅरीच्या घरी पेशंटना मदत करणारी संस्था सुरू झाली. पण स्वभाव तापट! महापौरांशी भांडण, सहकाऱ्यांशीही भांडण. १९८३ मध्ये तो संस्थेबाहेर पडला. हा सगळा राग त्याने 'द नॉर्मल हार्ट' (१९८५) या नाटकात ओतला.

१९८७ मध्ये त्याच्या एका भाषणानंतर 'ॲक्ट अप' ही संघटना उभी राहिली. प्रॉब्लेम असा होता की नवं औषध मंजूर व्हायला कित्येक वर्षं लागायची आणि पेशंटच्या हातात असायचे काही महिने. ॲक्ट अपची मंडळी काही डॉक्टर नव्हती. पण एका केमिस्ट बाईंकडून ती औषधांच्या चाचण्यांची पद्धत शिकली. मग प्रश्न विचारू लागली : मरणाऱ्या माणसाला प्रयोगासाठी खोटी गोळी का? चाचणीत न बसणाऱ्याने औषधाशिवाय मरायचं का? १९८८ मध्ये त्यांनी औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या ऑफिसला घेराव घातला. १९९२ मध्ये एफडीएने गंभीर आजारांवरच्या औषधांसाठी झटपट मंजुरीचा नियम आणला.

सरकारी संशोधक डॉ. फाउची यांना लॅरीने जाहीरपणे 'खुनी' म्हटलं होतं. पुढे दोघं पक्के मित्र झाले! लॅरी स्वतः एचआयव्ही पॉझिटिव्ह होता. तरी तो ८४ वर्षं जगला, २०२० मध्ये गेला.

मला वाटतं, राग सगळ्यांनाच येतो. रागावून पुस्तक उघडणारे कमी. आणि हो, आपल्या होस्टेलवर 'गे' हा शब्द अजून चेष्टेसाठीच वापरतात. पुढच्या वेळी तो तोंडावर आला, तर येलचा तो फर्स्ट इयरचा मुलगा आठवा. तो शेजारच्या रूममध्येही असू शकतो.