स्वभाव, कल आणि पॅकेज

टी.वाय.ला असलेल्या मुलाने वा मुलीने पुढचा काहीही बेत सांगितला, तरी घरातल्या मोठ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘त्याला स्कोप किती?’ त्यानंतर पॅकेजचा आकडा निघतो. आठ-दहा तास तेच काम करणाऱ्याला ते मानवेल का, हे सहसा कुणी विचारत नाही.

या प्रश्नाला जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शास्त्रीय चौकट दिली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांच्याकडे शिपायांच्या मुलाखती घेण्याचं काम होतं. आधी कोणकोणती कामं केली हे विचारून नोंदवायचं. माणसं हजारो, पण त्यांच्या कामांच्या इतिहासाचे साचे मोजकेच, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यातून 1959 साली त्यांचा सिद्धान्त प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याला षट्कोनाचं रूप मिळालं. सहा कोपऱ्यांवर सहा प्रवृत्ती: हाताने आणि यंत्रांशी काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन इतरांना राजी करणारे आणि नोंदी-हिशेब चोख ठेवणारे. शेजारच्या दोन प्रवृत्ती एकाच माणसात सहज नांदतात, समोरासमोरच्या क्वचित. कलावंतासमोर हिशेबनीस येतो, संशोधकासमोर विक्रेता.

प्रत्येकाला एकच शिक्का मारायचा, असा याचा अर्थ नाही. हॉलंड प्रत्येकाच्या पहिल्या तीन प्रवृत्ती क्रमाने मांडतात. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्यांनी माणसांबरोबर कामाच्या जागांचीही याच सहा प्रकारांत वर्गवारी केली, कारण एखादी जागा कशी आहे हे तिथे जमलेल्या माणसांवरून ठरतं.

म्हणून नुसतं पदवीचं नाव फारसं काही सांगत नाही. एलएल.बी.चंच घ्या. कोर्टात उभं राहून उलटतपासणी घेणारा वकील, कंपनीत बसून करारातला स्वल्पविरामही तपासणारा, कायदा शिकवणारी प्राध्यापिका आणि मोफत विधी सेवा केंद्रात येणाऱ्या बाईचं ऐकून घेणारी कार्यकर्ती, या चौघांची पदवी एक आणि दिवस चार तऱ्हांचे. इंजिनिअरिंगमध्ये ‘मन लागत नाही’ म्हणणाऱ्या अनेकांचं भांडण त्या विषयाशी नसतंच. कोडिंग नकोसं झालेली मुलगी ग्राहकाशी बोलून त्याची गरज समजून घेण्याच्या कामात फुलू शकते, आणि त्यासाठी शाखा सोडावी लागत नाही.

महाराष्ट्रात राज्य मंडळाने 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली. शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं त्यात होती. हेतू उत्तम, पण वयाचं काय? व्यावसायिक आवडींच्या स्थिरतेवरच्या अनेक अभ्यासांचा एक मोठा आढावा 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार शाळकरी वयात या स्थिरतेत फारसा फरक पडत नाही. 18 ते 22 या वयात ती झपाट्याने वाढते आणि पुढे बरीच वर्षं टिकते. माझ्या मते, कलचाचणीची खरी जागा कॉलेजात आहे. आपल्याकडे मात्र दहावीचा कागद फाइलला लागायचा आणि पदवीच्या वर्षांत उरतात त्या प्लेसमेंट सेलच्या ॲप्टिट्यूड टेस्ट. त्या कंपनीला मुलं निवडून देतात. मुलांना काम निवडायला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

चाचण्यांना भुलूनही चालत नाही. चार अक्षरांत सोळा स्वभाव सांगणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी मुलांत भलतीच लोकप्रिय आहे. पण काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली तर अनेकांचा प्रकार बदलतो, आणि नोकरभरतीसाठी ती वापरू नये असं तिचे प्रकाशकच सांगतात. शिवाय उत्तरं देणारा आपण पाहिलेल्या जगातूनच उत्तरं देतो. अमेरिकेत 1927 पासून वापरात असलेल्या स्ट्राँग यांच्या आवड-चाचणीचे पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळे नमुने होते, निळ्या आणि गुलाबी रंगांचे! ते 1974 मध्ये एकत्र झाले. ज्या तालुक्यात शिक्षक, तलाठी आणि पोलीस एवढ्याच सरकारी नोकऱ्या डोळ्यांसमोर असतात, तिथल्या मुलाचा कल ‘एमपीएससी’कडे निघाला, तर तो स्वभाव की परिसर, हे समुपदेशकाने विचारायलाच हवं. आवड म्हणजे क्षमता नव्हे, हेही त्याच बैठकीत स्पष्ट व्हावं.

आवड आणि काम जुळलं की समाधान मिळतंच असं नाही. संशोधनात हा संबंध दिसतो, पण बेताचा. वरिष्ठ कसा आहे, पगार वेळेवर होतो का, जाण्या-येण्यात किती तास जातात, यांचाही वाटा असतो. कामात टिकून राहणं आणि ते नीट करणं यांच्याशी मात्र आवडीचं नातं बऱ्यापैकी ठळक आहे.

सुट्टीत एक काम प्रत्येकाला करता येईल. आपल्याला हव्या त्या कामात दोन-तीन वर्षं काढलेला कॉलेजचा एखादा सीनियर गाठायचा. करिअरबद्दल सल्ला मागायचा नाही. काल अकरा ते पाच काय केलंस, कुणाशी बोललास, किती वेळ एकटा बसलास आणि कशाचा कंटाळा आला, एवढंच विचारायचं. मग दुसऱ्या जागेवरच्या कुणाला तरी तेच प्रश्न. पगाराचा विषय तो स्वतःच काढेल.