जोशी १९५३, दोन मार्क

महाराष्ट्रातल्या गुटखाबंदीला आणखी एक वर्ष मुदतवाढ मिळाल्याची बातमी २०१२ पासून दर पावसाळ्यात येते, तशी यंदाही येऊन गेली. अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याखाली असा आदेश एका वेळी वर्षभरापुरताच काढता येतो, म्हणून हा वार्षिक सोपस्कार. त्याआधी २००२ मध्येही बंदी घालून पाहिली होती, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. बंदी कागदावर किती आणि टपरीवर किती, हे वाचकांना सांगायला नको. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी आणि मिश्रण गिऱ्हाइकाच्या तळहातावर, ही पळवाट शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

या बातमीच्या निमित्ताने मला लिहायचंय ते बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकीच्या पदवीच्या, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींबद्दल. टपरीवर जे विकलं जातं त्याचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, हे त्यांना परीक्षेसाठी पाठ करावं लागतं.

पुण्यातली दंत महाविद्यालयं धनकवडी, वडगाव, पिंपरी, कॅम्प अशी विखुरलेली. पण पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक कुणाला चुकत नाही. चौकातून न. चिं. केळकर रस्त्याने नारायण पेठेत शिरलं की केसरीवाड्यापर्यंत आणि पुढेही पुस्तकांची दुकानं, झेरॉक्सवाले, अभ्यासिका, मेसच्या पाट्या आणि अधूनमधून टपरी असा क्रम लागतो. नारायणराव पेशव्यांच्या नावाची ही पेठ. पेशव्यांचं घराणं मूळ श्रीवर्धनचं आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध, तेव्हा या लेखाचा विषय पेठेत उपरा आहे असं कोणी म्हणू नये.

तिसऱ्या वर्षाच्या खरेदीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे तोंडाच्या विकृतिशास्त्राचं शेफर. १९५८ चं हे मूळ अमेरिकन पुस्तक पुढे भारतीय संपादकांनी वाढवत नेलं. दुसरी, एक जांभळी आणि एक गुलाबी पेन्सिल. ऊतीचा पातळ काप मुळात बिनरंगी असतो. हिमॅटॉक्सिलिन हे रंगद्रव्य पेशीचं केंद्रक निळसर जांभळं करतं आणि इओसिन बाकीचा भाग गुलाबी. म्हणून मुलांनी जर्नलमध्ये सगळे रोग या दोनच रंगांत काढायचे. चित्र तोंडपाठ असतं, पेशी नीट पाहिलेली असतेच असं नाही. एका कोपऱ्यात टवका उडालेली काच म्हणजे अमिलोब्लास्टोमा ही जबड्याची गाठ, लेबल पिवळं पडलेली म्हणजे अमुक गाठ, ही ओळखीची पद्धत बॅचमागून बॅच वारशाने चालत येते. परीक्षकही कधीकाळी त्याच काचांवर पास झालेले असतात, त्यामुळे सगळं सुरळीत चालतं.

दुसऱ्या वर्षाचं जनरल पॅथ, म्हणजे सामान्य विकृतिशास्त्र, हा तर पाहुण्या घरचा विषय. शिकवणारे बहुधा वैद्यकीय बाजूचे, उदाहरणं यकृताची आणि मूत्रपिंडाची. दात शिकायला आलेल्या मुलांना वाटतं, हे आपल्याला कशाला? खरं तर सगळा दंतवैद्यकीचा धंदा त्यातल्या एका धड्यावर उभा आहे. दाह झाला की रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो, भाग सुजतो. बोट सुजायला हवेत वाटेल तेवढी जागा असते. दाताच्या आतला मऊ गर मात्र चहूबाजूंनी टणक दंतिनात बंद. सूज आली तरी तिला फुगायला जागा नाही. दाब वाढतो, तो मज्जातंतूंवर येतो आणि आडवं पडल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढला की ठणका आणखी चढतो. रात्री दोन वाजता लवंग शोधणाऱ्या माणसाचं दुखणं म्हणजे दाहाचा धडा आणि दाताची रचना यांचा गुणाकार. दुसऱ्या वर्षीच हे असं सांगितलं, तर जनरल पॅथ राहिलेल्यांची संख्या नक्की घटेल.

आता तिसरं वर्ष. ओरल पॅथच्या, म्हणजे तोंडाच्या विकृतिशास्त्राच्या, तोंडी परीक्षेत सबम्यूकस फायब्रोसिसचा प्रश्न येणारच. तोंडाचं आतलं अस्तर पांढुरकं, ताठर होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं, तो हा आजार. उत्तराचा साचा ठरलेला: श्वार्ट्झ १९५२, जोशी १९५३, पेमास्टर १९५६, कर्करोगात रूपांतर ७.६ टक्के. एवढं धडाधडा म्हणून दाखवलं की दोन मार्क. जोशी कोण, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प. शेफरच्या पानावर परदेशी नावांच्या गर्दीत हे नाव दिसतं आणि मुलं त्यावरूनही तशीच पुढे जातात.

डॉ. श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांच्या तोंडात ही स्थिती पाहिली आणि तिला लांबलचक लॅटिन नाव दिलं. वर्षभरातच मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी ती इथल्या रुग्णांत नोंदवली आणि सबम्यूकस फायब्रोसिस हे आज जगभर चालणारं नाव रूढ केलं. पेमास्टर हे टाटा रुग्णालयाचे. या अस्तरात कर्करोग उगवतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे ज्या यादीचे आपण दोन मार्क देतो, ती बरीचशी मुंबईतली आहे. त्याच १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट नोंदवला, हेही जाता जाता. त्या काळच्या मुंबईत विकृतिशास्त्र जोरात होतं.

त्याचं बरंचसं श्रेय एका माणसाकडे जातं आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्याकडे आली. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. नव्या रुग्णालयाची जेमतेम तीन वर्षं झालेली, महायुद्ध चालू, आणि एक हजार तोंडं तपासून झालेली.

पुढच्याच वर्षी त्यांनी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेला निबंध तर मला प्रत्येक बीडीएसवाल्याच्या हातात द्यावासा वाटतो. रूढी आणि कर्करोग यांचा संबंध सांगणारे तीन भारतीय प्रकार त्यात आहेत. बिहारमध्ये खैनी खालच्या ओठामागच्या खाचेत धरतात, कर्करोग तिथेच होतो. आंध्र किनाऱ्यावर बायका चुट्टा, म्हणजे गावठी सिगार, ओढतात तो पेटतं टोक तोंडात घालून, कर्करोग टाळूला होतो. तिसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट गाठ मारली की त्वचेचा रंग जातो, घट्टे पडतात, कधी जखम आणि क्वचित कर्करोग. हा तिसरा प्रकार दुर्मीळच, पण या निबंधामुळे तो पुस्तकांत कायमचा जाऊन बसला. धोतर नेसलेल्या रुग्णाची कमर एखाद्या लंडनच्या विकृतितज्ज्ञाने पाहिली असती, तर त्याने व्रणाचं वर्णन करून विषय संपवला असता, असं मला राहून राहून वाटतं. खानोलकर स्वतः लंडनचे एमडी. पण माणूस काय नेसतो, काय चघळतो आणि कुठल्या गालात धरतो, हे त्यांनी तपासणीचाच भाग मानलं.

त्यांच्या शिष्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी सबम्यूकस फायब्रोसिस पुढे नेला. सुरुवातीला संशय मिरचीवर होता. रुग्णाची पहिली तक्रारच तिखट झोंबण्याची, तेव्हा ते साहजिकच. सिरसाट आणि खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सेसिन लावून पाहिलं, त्यावर १९६० मध्ये निबंध लिहिला. पुढे डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्याबरोबर सिरसाट यांनी १९६६ मध्ये या आजाराचं जे वर्णन केलं, त्यावरच पाठ्यपुस्तकांची व्याख्या बेतलेली आहे.

मिरची मात्र खटल्यातून हळूहळू सुटत गेली. मेक्सिकोत माणसं आपल्याला लाजवतील इतकी मिरची खातात, तिथे हा आजार नाही. लोकांच्या सवयींच्या पाहण्या होत गेल्या तसं बोट सुपारीकडे वळलं आणि तिथेच राहिलं. सुपारीतलं अरेकोलिन तंतुपेशींना कोलॅजन बनवायला चिथावतं. तिच्यातलं तांबं कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडणाऱ्या विकराला बळ देतं. आणि तिच्यातलं टॅनिन त्या धाग्यांना असं पक्कं करतं की शरीराला ते मोडता येत नाहीत. चामडं कमावताना टॅनिन जे काम करतं, तेच इथे जिवंत गालात चालतं. वरचं अस्तर पातळ होतं, खाली कोलॅजनचा थर, रक्तवाहिन्या आवळलेल्या. जर्नलमध्ये हा भाग सर्वांत सोपा, कारण नुसती गुलाबी पेन्सिल फिरवायची.

तंबाखू नसलेली साधी सुपारीही माणसात कर्करोग करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. तरीही जेवणानंतरची सुगंधी सुपारी आपल्याकडे मुखशुद्धीच. पूजेत गणपती म्हणून मांडलेली सुपारी कुणी चघळत नाही, तेवढीच काय ती निर्धोक.

या साऱ्या कथेतलं पुण्याशी सर्वांत जवळचं प्रकरण पुण्यातल्या मुलांना सहसा ठाऊक नसतं. होमी भाभांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे भौतिकी आणि गणिताच्या माहेरघरी, दंतसंशोधनाचाही एक विभाग होता. त्याचे प्रमुख डॉ. फली मेहता. त्यांच्या चमूने भारतातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली, आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचं क्षेत्र होतं पुणे जिल्हा. तपासलेल्या गावकऱ्यांची संख्या १,०१,७६१. लाखावर माणसांना ओसरीवर बसवून तोंड उघडायला लावणं, जीभ धरून बाजूला करणं, गाल आतून पाहणं, आणि कोण काय खातं, कधीपासून खातं हे विचारणं, तेही संगणक सर्रास नसताना. या पाहणीत बायकांमध्ये मिश्रीचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास निघालं. दात घासायची म्हणून घेतलेली, तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. सकाळी एकदा, मग दुपारी एकदा, मग डबी कमरेलाच. शहरात शिकणाऱ्या मुलाला मिश्री ठाऊक असते ती आजीच्या डबीवरून. ओरल पॅथच्या प्रश्नपत्रिकेशी तो तिचा संबंध लावत नाही.

आणि ते ७.६ टक्के? दशांश चिन्हामुळे हा आकडा फार भारदस्त वाटतो. त्यामागे आहेत केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातले ६६ रुग्ण, सतरा वर्षं पाठपुरावा केलेले. त्यांतल्या पाच जणांना कर्करोग झाला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मोलाचा आहे, सतरा वर्षं माणसं शोधत राहणं सोपं नव्हे. पण पाच माणसांवरून निघालेला आकडा देशभरच्या मुलांना पाढ्यासारखा पाठ असावा आणि ती पाच माणसं होती हे कुणालाच ठाऊक नसावं, ही शिकवण्याची काय तऱ्हा? इथे निदान एक तास शंका घ्यायला शिकवता आलं असतं. इतक्या थोड्या लोकांवरून किती सांगता येतं, केरळातली सवय आणि आपल्याकडची मावा-गुटख्याची सवय एकच का, असं कुणीतरी विचारलं असतं.

जागतिक अंदाज पाहिला तर चित्र आणखी अवघड. २०२२ मध्ये धूरविरहित तंबाखू आणि सुपारी यांमुळे जगात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २० हजार नवे रुग्ण झाले. त्यांतले ८३ हजारांहून अधिक एकट्या भारतातले. जगातला कुठलाच दंतविद्यार्थी आपल्या पोरांइतका या विषयाच्या जवळ राहत नाही. अभ्यासिकेतून उठून चहाला गेलं की रोगाचं कारण समोर लटकलेलं असतं, पुड्यांच्या माळेत.

मला विचाराल तर तिसऱ्या वर्षाच्या जर्नलमधली चार-पाच चित्रं खुशाल कमी करावीत. त्याऐवजी प्रत्येकाने वीस माणसांची तोंडं पाहावीत. वॉर्डातली नकोत, त्यांना आधीच उशीर झालेला असतो. रिक्षास्टँडवरची, मंडईतली, बांधकामावरची पाहावीत. तीन बोटं उभी तोंडात जातात का, गालाला हात लावल्यावर दोरीसारखे पट्टे लागतात का, पाणीपुरी तोंडात घेता येते का, एवढंच विचारावं आणि लिहावं. मेहतांच्या चमूने लाखावर माणसं पाहिली, त्यापुढे वीस म्हणजे काहीच नाही. सूक्ष्मदर्शकाखालचा गुलाबी थर यानंतर वेगळा दिसेल, अशी माझी अटकळ आहे. प्राध्यापक मंडळी म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही. तो कधीच संपत नव्हता.

अडचण यापुढची आहे. बीडीएस होऊन दवाखाना टाकलेल्या डॉक्टरकडे माणूस येतो तो दात साफ करायला किंवा रूट कॅनालला. गालात पांढरा चट्टा दिसला तर त्याचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवायचा असतो. बहुतेकदा जेल लिहून दिलं जातं, फार तर तंबाखू सोडा असं बजावलं जातं, कारण तुकडा काढायचा म्हटलं की रुग्ण घाबरतो आणि पुन्हा फिरकत नाही. समजा, काढला. तो वाचणार कोण? एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकीच्या पदव्युत्तर, प्रवेशफेऱ्यांत ऑर्थो, एंडो, ओरल सर्जरी आधी भरतात आणि ओरल पॅथच्या जागा शेवटपर्यंत उरतात. दवाखाना चालत नाही, नोकरी शिकवण्याचीच, म्हणून गुणवत्ता यादीतली वरची मुलं तिकडे वळत नाहीत. ज्या देशात हा रोग जगात सर्वाधिक, तिथे तो ओळखायला बसणारा तज्ज्ञ बहुधा दुसरं काही मिळालं नाही म्हणून तिथे आलेला असतो. त्याने तो तुकडा जांभळ्या-गुलाबीत रंगवून नीट वाचला तर पुढचं सगळं त्याच्या दोन ओळींच्या अहवालावर ठरणार, आणि त्या दोन ओळींचे पैसे रूट कॅनालच्या मानाने नगण्यच.